स्टेन्सिलवर न आलेलं नाव

लेकीनं परदेशातून एका मासिकातलं कात्रण पाठवलं. अमेरिकेतल्या एका काळ्या संगीतकार बाईच्या चेंबर म्युझिकचा, म्हणजे चार-पाच वाद्यांसाठी लिहिलेल्या संगीताचा, म्हणे ‘पुन्हा शोध’ लागलाय. ‘विस्मृतीत गेलेली’ असं त्यात तीनदा लिहिलंय. वाचून माझं डोकंच फिरलं. विस्मृतीत कुणी आपल्या पायांनी चालत जात नाही, कुणीतरी नेऊन घालावं लागतं. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण या बाईला तिथं घालणाऱ्यांत मीही होते. कात्रणात तिचं नाव चांगलं ठळक छापलंय. मी इथे लिहीत नाही. एकदा ते माझ्याच हातून गाळलं गेलं, आता मिरवायला मी कोण?

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही बहारीनला, मनामात दोन खोल्यांत राहत होतो. नवरा गोदीत फोरमन, मी एका इंग्रज कंपनीत टायपिस्ट. माझे वडील पुण्यात पोलीस बँडमध्ये होते. त्यांनी मला नोटेशन वाचायला शिकवलं आणि कॅम्पातल्या एका ख्रिस्ती बाईंकडे व्हायोलिन शिकायला घातलं. हे कंपनीतल्या माझ्या इंग्रज साहेबाच्या कानावर गेलं. तो पहिलं व्हायोलिन, त्याची बायको दुसरं आणि एक अमेरिकन शिक्षिका चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरायचं मोठं व्हायोलिन, असे तिघं मिळून वाजवायचे आणि त्यांना चौथं माणूस हवं होतं, व्हायोला वाजवणारं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण. ती वाजवायला कुणी राजी नसतं. साहेबाच्या क्लबात आम्हा हिंदी लोकांना दारातूनच परत पाठवत, पण व्हायोला अडली म्हटल्यावर मी चालले.

दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी जुफैर भागात साहेबाच्या बंगल्यावर बसायचो. ऑफिसचा ड्रायव्हर गुहागरकडचा. एकदा गाडीत म्हणाला, “वयनी, ती काळी मडम तुमच्यात कशी काय? मना तर बघूनच भ्या वाटता.” मी हसले. गोऱ्यांना नावं ठेवताना हे हसणं मी सोयीनं विसरते, म्हणून आधीच लिहून टाकते.

ती काळी मडम म्हणजे आमची चेलोवाली. अमेरिकन नौदलाच्या तळाजवळच्या शाळेत शिकवायची, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठी, बोलायला मोजकी. एका शुक्रवारी तिनं हातानं नकललेल्या कागदांचे चार गठ्ठे आणले, एकेका वाद्याचा एकेक. वर नावाचं फक्त आद्याक्षर आणि आडनाव. “वाजवून बघू या,” एवढंच म्हणाली.

आम्ही वाजवलं. सावकाश चालीच्या दुसऱ्या भागात पहिलं व्हायोलिन चक्क गप्प बसतं आणि व्हायोला गाते. चांगली दोन पानं गाते. मला तोवर कुणी दोन ओळीसुद्धा दिल्या नव्हत्या. मी मागे बसून नुसता ठेका धरणारी. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की त्याची मलाच लाज वाटली. साहेबानं व्हायोलिनचा गज खाली ठेवला आणि म्हणाला, “कसलेला माणूस आहे हा. याला प्रत्येक वाद्याचं काळीज कळतं.” येत्या कार्यक्रमात हे वाजवायचंच, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं.

मी घरी सराव करताना माझ्या कागदावर पेन्सिलीनं मराठीत खुणा करत असे. पुढच्या शुक्रवारी चेलोवालीनं त्या पाहिल्या आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “काय लिहिलंयस?”

मी कौतुकानं वाचून दाखवलं: ‘हे गृहस्थ इथे गाणं आपल्या हाती देतात. घाई नको.’ मग अर्थ सांगितला. गृहस्थ म्हणजे सभ्य पुरुष, असंही सांगितलं.

ती मोठ्यानं हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाली, “हे गृहस्थ माझी मावशी आहेत. ऐंशी पार केलेली, वृद्धाश्रमात असते. पहिलं नाव घातलं की लोक न उघडताच परत पाठवतात, म्हणून ती अक्षरावर भागवते.” त्या ऐंशी वर्षांत या रचनेसाठी तिचं नाव एकाही प्रोग्रॅमवर, म्हणजे कार्यक्रमपत्रिकेवर, छापलं गेलं नव्हतं. भाचीला तेवढंच हवं होतं: छापील कागद आणि कार्यक्रमाची कॅसेट, मावशी आहे तोवर.

साहेब ऐकत होता. त्यानंतर सूर तेच राहिले, पण त्याची विशेषणं बदलली. कसलेला माणूस एकदम ‘भाबडी’ झाली. चाली ‘गोड’ झाल्या. “तुमच्या लोकांत हे उपजतच असतं, नाही?” असं तो चेलोवालीला म्हणाला आणि तिनं उत्तरादाखल नुसती तार जुळवली. आठ दिवसांपूर्वी याच माणसानं भारावून गज खाली ठेवला होता! मला त्याच्या डोक्यात व्हायोला घालावीशी वाटली. घातली नाही.

प्रोग्रॅम टाइप करायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. साहेबानं ऑफिसात मजकूर सांगितला. दोन जर्मन संगीतकार, पूर्ण नावांनी, जन्ममृत्यूच्या सालांसकट. शेवटी म्हणाला, “आणि अमेरिकन लोकधुना, चार तंतुवाद्यांसाठी.”

“नाव?” मी विचारलं.

“तिला इथे कोण ओळखतं? जागाही नाही.”

जागा होती. खाली बोटभर कोरा कागद राहिला होता. संध्याकाळी नवरा म्हणाला, “तुला काय करायचंय? नोकरी गेली तर दुसरी देणारेत का त्या दोघी?” त्याचं चुकत नव्हतं, पण मला राग आला तो त्याच्यावरच, कारण तो हाताशी होता. दुसऱ्या दिवशी मी प्रती काढायची मेणकागदी स्टेन्सिल टाइपरायटरवर जशी सांगितली तशी कापली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये चेलोवालीनं खुर्चीवरचा कागद उचलला, वाचला, पुन्हा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिनं असं वाजवलं की टाळ्या थांबेनात, आणि साहेबानं वाकून वाकून त्या घेतल्या.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना मी नवी स्टेन्सिल कापली. मावशीचं पूर्ण नाव, गाव, तिन्ही भागांची नावं, सगळं. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर एकच प्रत काढली आणि स्टेन्सिल फाडून टाकली. ती प्रत चेलोवालीला नेऊन दिली. “ही पाठव,” म्हटलं. मला वाटलं, मी केवढं धाडस केलंय! तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. मग कॅसेटबरोबर तिनं तो पाठवला.

महिन्या-दीड महिन्यानं मावशीचं पत्र आलं. चेलोवालीनं आमच्या घरी येऊन ते वाचून दाखवलं. पहिलं व्हायोलिन स्वतःवर फार खूश आहे, असं त्यात होतं. व्हायोला चांगली आहे, पण गाताना माफी मागितल्यासारखी वाजते, असंही होतं. आणि खाली एक प्रश्न: “प्रोग्रॅम मिळाला. सगळ्यांना हाच कागद वाटला होता, की हा फक्त माझ्यासाठी केला?”

ऐंशी वर्षांत बाईनं किती खोटे कागद पाहिले असतील!

चेलोवालीनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “तू लिही.”

मी लिहिलं, “फक्त तुमच्यासाठी. दोन्ही मीच टाइप केले.”