इफी गिलिसची लोकर

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, एका टेकडीवर जुन्या वस्तीचं संग्रहालय आहे. मासळीच्या कारखान्यातून सुटल्यावर इफी गिलिस तिथे दोनशे वर्षांपूर्वीची शेतकरीण म्हणून उभी राहायची. मी तिथेच, शेजारच्या भट्टीवर लोहार म्हणून.

यंदा तिने घरीच विणलेला लोकरीचा घागरा आणि शाल अंगावर चढवली. जूनची झिमझिम दुपारपर्यंत थांबली नाही. इफीचे ओठ निळे पडले. आमची मुख्य, शोना, तिला चुलीपाशी घेऊन गेली आणि प्लास्टिकचा रेनकोट पुढे केला.

"उद्यापासून हा घाला, इफी."

"मी त्या काळातली बाई ना? मग प्लास्टिक कुठून आणू?"

"आणि न्यूमोनिया झाला तर?"

मीही टोमणा मारला, "अगं, मेंढीसुद्धा पावसात आडोसा बघते."

"पण कुडकुडत नाही ना, डुगल? मग माझं कुठे चुकलं ते बघू दे."

घरी तिने एकेक कपडा चाचपला. घागरा भिजूनही उबदार होता. गारठा धरला होता तो आतल्या, संग्रहालयानेच दिलेल्या सुती पोलक्याने. शालीची वीण विरळ होती, आणि घागऱ्याची कड चिखलातून ओढली गेली होती. तिने पोलकं लोकरीचं शिवलं, घागरा वीतभर आखूड केला. रविवारी शेजारणी जमल्या. साबणाच्या पाण्यात भिजवलेली शाल सगळ्यांनी मिळून, गाणी म्हणत टेबलावर आपटली. हात लाल झाले तरी इफी थांबेना. "अजून उजेड दिसतोय पलीकडचा. आपटा!" शाल आटून घोंगडीसारखी घट्ट झाली तेव्हा कुठे तिने सोडलं.

पुढच्या आठवड्यात धुकं उतरलं, त्यात पाऊस. इफीने दिवसभर पाणी वाहिलं, कोंबड्यांना दाणे टाकले. संध्याकाळी शोनाने शालीला हात लावला.

"हे तर ओलंच आहे की!"

"कोरडं राहील असं कोण म्हणालं? आत हात घाल."

शोनाने मानेपाशी हात सरकवला आणि तसाच ठेवला. "गरम आहात!"

"खांदे भरून आलेत, मेंढीचा वास येतोय. पण थंडी नाही."

शोनाने रेनकोट परत खुंटीला अडकवला. एकच अट घातली : लोकर वाळायला दिवस जातात, तेव्हा दुसरा जोड हवा. इफी त्याच रात्री मागावर बसली.

"माझ्यासाठीही एक सदरा विण," मी म्हणालो.

"आधी लोकरीतले काटे वेच."

तेव्हापासून माझे रविवार तिच्या ओसरीवर काटे वेचण्यात जातात.