चर्चची पायरी आणि मार्थाची भाकर

घनसावंगीपर्यंत एसटी मिळाली. पुढे शेअर जीप. उसाच्या ट्रॉलीमागे ती रखडत चालली होती. गोदाकाठच्या या गावात वडील मास्तर होते आणि माझे लहानपण तिथल्या पत्र्याच्या चर्चमध्ये गेले. गाव सोडल्यानंतर प्रथमच परत निघालो होतो.

"याकोब पाळकाकडं का?" चर्चला जायचे म्हणताच चालकाने विचारले. "लई कडक माणूस. आमचा आजा बिडी वढताना दिसला की त्याला बी झापायचे. अन् आमी त्यांच्या चर्चचे बी न्हाई!"

वाटेत चाक पंक्चर झाले. पोहोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती.

चर्च फारसे बदललेले नव्हते. तेच पत्रे, चिंचेची तीच सावली, दाराशी तीच दगडी पायरी. आमच्या वेळी कोणी दारू प्याला, जत्रेत तमाशाला गेला किंवा चर्चबाहेर लग्न केले, की उपासनेला त्याने या पायरीवर बसायचे. प्रभुभोजन (भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) त्याला मिळत नसे. त्या विधीची भाकरही ज्या घराला बोल लागलेला नाही, अशाच घरातून येई. बहुधा तेव्हाचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, याकोबबाबा यांच्या पत्नीच्या हातची. त्यांच्या मुलीने, मार्थाने, बौद्ध शिक्षकाशी नोंदणी विवाह केला, तेव्हा बाबांनी तिलाही पायरी दाखवली. ती बसली नाही. जालन्याला निघून गेली.

आज पायरी रिकामी होती. थकलेले याकोबबाबा पहिल्या बाकावर होते. समोर मेजाशी त्यांचा मुलगा सुनील, आताचा पाळक. शेवटच्या बाकावर मार्था. तिचे केस पिकले होते.

"आजची भाकर मार्थाताईनं केली," सुनील म्हणाला.

माना शेवटच्या बाकाकडे वळल्या.

"नेम ठाऊक हाय ना तुला?" बाबांनी बसल्या जागेवरून विचारले.

"ठाऊक हाय, बाबा. त्या नेमानं बाक रिकामे झाले."

"अन् नेम नसता तर? निम्म्या गावाची घरं दारूनं खाल्ली असती."

"बराबर हाय. पण हे मेज तुमचं न्हाई, माझं बी न्हाई. प्रभूचं हाय."

ताट फिरत बाबांपर्यंत आले. त्यांनी तुकडा उचलला, उजेडात धरला. ज्वारीच्या भाकरीचा काठ करपलेला होता.

"काठ जाळलास," ते मागे न वळता म्हणाले.

"आईवानीच," मार्था म्हणाली. "तिनंच शिकवलं. तव्हा तर तुमी तिला काई बोलत नव्हता."

"तिला कोण बोलणार?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. बाबांनी तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले.

नंतर चिंचेखाली वरण, ठेचा आणि त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. बाबा आणि मार्था एकमेकांशी मोजकेच बोलले. बाबांनी भाकर मात्र पुन्हा मागून घेतली.

जीपमध्ये बसताना वळून पाहिले. याकोबबाबा पायरीवर बसले होते आणि मार्था त्यांच्या वहाणेचा पट्टा लावत होती. त्याच दगडावर माझ्या लहानपणी एका रविवारी वडील मान खाली घालून बसले होते. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही आणि आमचे घर उभे राहिले. सुनीलचे म्हणणे मला पटले होते. तरी जीप उसाआड वळेपर्यंत मी त्या पायरीकडे पाहत होतो.