अंगणातला स्वित्झर्लंड

माझे काका महाराजांच्या युरोपच्या प्रवासात कारकून म्हणून गेले होते आणि स्वित्झर्लंडमध्ये गोठलेल्या तळ्यावर घसरण्याचा खेळ खेळून आले होते, असे ते सांगत. बडोद्याच्या दांडिया बाजारात यावर कोणाचाही विश्वास नव्हता. त्यांना मुंबईच्या बंदरावरूनच परत पाठवले, हे मत सर्वमान्य होते. त्यांनी आणलेले पोलादी पात्यांचे बूट चोरबाजारातले ठरले होते. 'जेवलो' असे ते म्हणाले, तरी काकू ताटात डोकावून पाहत.

अखेर पौषातल्या एका सकाळी त्यांनी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणवल्या आणि अंगणातल्या फरशीवर मांडल्या. आळी जमली.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होतो. या खेळाचे मर्म थोडके आहे. पात्याच्या घर्षणाने बर्फावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर येतो, माणूस त्यावरून घसरतो आणि खालचा बर्फ टणक राहतो. अंगणात ऊन आले, तसा आमचा थर सूक्ष्म राहिला नाही.

"मीठ टाका," काकू म्हणाल्या. "आइस्क्रीमच्या पॉटात टाकतो तसं. गार राहील."

"पॉटात मीठ बर्फाला वितळवतं," मी म्हणालो. "वितळताना तो दुधातली उष्णता ओढतो. दूध गोठतं, बर्फ संपतो. इथे आपल्याला बर्फच हवा आहे."

"दर उन्हाळ्यात आइस्क्रीम कोण करतं? तुझं कॉलेज?"

काकांनी मीठ टाकवले.

लाद्यांची चाळण झाली. काका बूट चढवून उभे राहिले, तशी पाती रुतली. वस्तू घसरते ती घर्षण कमी असेल तिथे, आणि ते आता लादी व ओली फरशी यांच्यामध्ये कमी होते. काका लादीसकट तुळशीवृंदावनापर्यंत गेले आणि आडवे झाले.

सगळे हसले. शेजारचे निवृत्त सुभेदार तेवढे हसले नाहीत. ते रोज तालमीत कुस्ती शिकवीत.

"पुन्हा पडा," ते म्हणाले.

"चेष्टा करता, सुभेदार?"

"नाही. पडा."

काका दुसऱ्या लादीवर चढले आणि पडले.

"पाहिलंत? हनुवटी छातीला, हात टेकले नाहीत, कुल्ल्यावर येऊन कडेला लोळले. हे शिकवायला मला वर्ष लागतं, आणि हे तालमीत कधी फिरकले नाहीत. निसरड्यावर शेकड्यांनी पडलेला माणूस आहे हा. बडोद्यात एवढं निसरडं कुठे आहे?"



"म्हणजे गेला होता खरा," मागून कोणी म्हणाले. "सरकारी खर्चाने पडायला."

काकांनी हरकत घेतली नाही. गेल्याचे मान्य झाले होते.