शेठचा शालक आणि माझी घरघंटी

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर याबद्दल माफी असावी. माझी चौथीच झाली आहे. हे मी माझ्यापुरतंच लिहिते, पण वहीलासुद्धा लाज वाटेल असं अक्षर आहे.

दोन हंगाम मिरचीचे देठ खुडून मी नंदुरबारहून घरघंटी आणली. आठ दिवसांत ती नुसती गुणगुणायला लागली, दळण बंद. दुकानदाराने बिलाची मागची बाजू दाखवली. तिथे बारीक छापलं होतं, वाद झाल्यास लवादाचा निर्णय अंतिम. लवाद कोण, तर त्याचाच शालक. त्याने मशीन न बघताच सांगितलं, तुमच्या घरचा व्होल्टेज खराब आहे.

घरी दिराने पंच बसवले. तीनदा बसले. तीनदा मी चहा केला, एकदा शेवभाजी. घरघंटी कोपऱ्यात तशीच, एकानेही तिचं झाकण उघडलं नाही. मी काही बोलायला गेले तर दीर म्हणाला, "वहिनी, तू च्या ठेव, आम्ही बोली ऱ्हायनूत." पैसे माझे आणि बोलणारे ते. राग गिळून पातेलं चुलीवर ठेवलं.

शेवटी गल्लीतल्या निवृत्त गुरुजींना विचारलं, लवाद म्हणजे काय? ते म्हणाले, पंच हा पाचावरून आलेला शब्द, पूर्वी पाच जण न्याय करत. लवाद कुठून आला ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, बहुतेक फारसीतून असेल. पण अर्थ पक्का होता. भांडणाऱ्या दोघांनी मिळून निवडलेला, दोघांनाही चालणारा तिसरा माणूस. एकट्याने निवडला तर तो लवाद कसला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. मान खाली घालूनच म्हणाले, "भाऊ, तुमना शालक तुमनाच माणूस शे. लवाद दोन्हीस्नी मिळीसन निवडना पडस."

एक म्हातारी गिऱ्हाईक हसली. "शेठ, मंग मन्हा जावाईले बसाड," म्हणाली. दुकानदार मला म्हणाला, बोल, कोण पाहिजे?

मोटारी भरून देणारे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देणारे, एक चाचा आहेत, दुकानदारही त्यांच्याकडेच मोटारी देतो. त्यांचं नाव मी घेतलं, त्याला नाही म्हणता आलं नाही. चाचांनी मशीन उघडलं. आत जुनी मोटार, वरून नवा रंग. पैसे परत द्या, एवढंच ते बोलले.

तरी त्याने अर्धेच दिले. उरलेल्या पैशांसाठी चार खेपा घातल्या. काल शेवटची नोट हातात पडली, तेव्हा कुठे पैसे पूर्ण वसूल झाले.