महादूच्या दहाव्याला

लढाई संपून मी वाईला परतलो, त्याला जेमतेम महिना झाला होता. पलटणीतला माझा सोबती महादू इटलीत लढताना पडला होता. त्याच्या आईबापांना भेटायला मी निघालो. आईला म्हटले, "दोन दिवसांत येतो."

मिरजेला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. गाडी कसली, बैलाने मागे टाकावी अशी तिची चाल! वाटेत रुळांवर गुरे आली, तेव्हा ड्रायव्हर उतरून ती हाकलू लागला आणि गुराख्याकडून तंबाखूही मळून घेऊन आला. बाहेर नुसता माळ, बाभळी आणि मधूनच खिलार गाईंचा पांढरा कळप. महादू याच माळावर वाढला. त्याच्या घरी खिलार बैलांची पैदास होती. खंदकातसुद्धा तो आपल्या कालवडींच्याच गोष्टी सांगे.

कवठे महांकाळला उतरून बैलगाडी ठरवली. कुणाकडे जायचे ते सांगताच गाडीवान चपापला.

"महादूच्या घरी? आवं, सरकारी तार आली, पर म्हातारी मानतच न्हाई. डोळ्यानं बघितल्यालं कुणी हाय का म्हणती. दहावं बी करू दिलं न्हाई."

पुढची वाट मला फार जड गेली.

घर गोठ्याला लागूनच होते. महादूच्या आईने आधी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिले. ते पिऊन होईपर्यंत तिने काही विचारले नाही.

"तू बघितलंस?"

"हो, मावशी."

"मातीत घातला, का अग्नी दिला?"

"अग्नी दिला. मीच दिला. पावसाने लाकडं पेटत नव्हती, पण पेटवली."

"लय तरास पडला रं तुला," ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. मलाही रडू आवरेना.

तिन्हीसांजेला महादूचे वडील गोठ्यातून आले.

"ज्यानं अग्नी दिला त्यानंच दहावं करायचं, अशी आमची रीत हाय. तुजं आईबाप हायती, डोई कर म्हणाया मला तोंड न्हाई. पर तुज्याबिगार हे कुणी करायचं?"

 आईवडील हयात असताना डोके भादरणे म्हणजे घरात अशुभ ओढवून घेणे. मला रागही आला. मी सांत्वनाला आलो होतो, मुलगा व्हायला नव्हे. पण महादूला मी तिथे घाईघाईत निरोप दिला होता. ना मंत्र, ना कुणी घरचे. हे लोक त्याच निरोपाचा उरलेला भाग मागत होते. मी हो म्हणालो.

उशिरा कळलेले सुतक तिथे तीन दिवसांत फेडतात. ओढ्याकाठी न्हाव्यासमोर बसलो, पिंड ठेवले. निघताना महादूच्या वडिलांनी स्वतः गाडी जुंपली. स्टेशनापर्यंत तेच सोडायला आले.

वाईला आई दारातच तांदूळ पाखडत होती. माझे बोडके डोके पाहून तिच्या हातातले सूप गळून पडले.

"अरे, तुझे वडील आत धडधाकट बसलेत! कुणासाठी केलंस हे?"

"भावासाठी," म्हणालो आणि सगळे सांगितले.

आता बोलणी खावी लागणार, असे मी धरून चाललो होतो. आई बराच वेळ सांडलेले तांदूळ भरत राहिली.

"मग वर्षश्राद्धालाही तूच लागशील," ती म्हणाली. "मीही येते. तू पिंडाशी बसलास की महादूच्या आईजवळ कोण बसणार?"