हाताची घडी, बाईंची

"हाताची घडी, तोंडावर बोट!" हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच शाळेत ऐकलंय. पण ते स्वतःलाच बजावणाऱ्या बाई मी एकच पाहिल्या. लालबागच्या आमच्या शाळेत, कॉम्प्युटर रूममध्ये मुलं कामाला लागली की बाई मागच्या खुर्चीत बसायच्या, हाताची घडी घालायच्या आणि तोंडावर बोट ठेवायच्या. सातवीतली मुलं खुदुखुदु हसायची.

बाई इतिहास शिकवायच्या. मूळच्या मालवणकडच्या, मनातलं बोलताना मालवणी बाहेर यायचीच. निवृत्तीला दोन वर्षं उरली की माणसं आवराआवर करतात. बाईंनी मात्र भाचीकडून कॉम्प्युटरवरचं ठोकळ्यांचं जग शिकून घेतलं. त्यात डोंगर असतात, जमीन असते. मुलांनी आत फिरायचं, खणायचं, बांधायचं. दिवाळीत चाळीच्या अंगणात मातीचा किल्ला करतात ना, तसा किल्ला बाई तिथे करून घेणार होत्या.

पहिल्या तासाला त्यांनी मुलांना मोकळं सोडलं. अर्ध्या तासात सगळ्या डोंगराला आग लागली आणि दोघे खरोखरच्या मारामारीवर आले. दुसऱ्या तासाला त्यांनी फळ्यावर एकेक पायरी लिहून दिली, तर दहा कॉम्प्युटरवर दहा सारखेच किल्ले उभे राहिले.

"सर, हे किल्ले माझेच झाले," बाई मला म्हणाल्या. "पोरांचे खंय?"

मग त्यांनी चौकट आखली. डोंगर सगळ्यांना एकच. तयार सामान घ्यायचं नाही, लागेल ते तिथेच शोधायचं. बाई एका तासाला एकच प्रश्न विचारणार. बाकी वेळ घडी.

मी गणिताचा, शाळेत नवा, या तासाला बाईंच्या मदतीला बसायचो, आणि मला कुणाचं चुकत असलेलं बघवत नाही. चार नंबरच्या कॉम्प्युटरवर मुक्ता बसायची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. बाकीच्यांचे बुरूज चढत होते आणि ही तीन तास नुसती खाली खणत होती. "बाई, सांगा ना तिला," मी कुजबुजलो. बाईंनी तोंडावरचं बोट हलवलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात बाई रजेवर होत्या, म्हणून तो तास माझ्याकडे आला. मी मुक्ताच्या हातातून माउस घेतला, खड्डा बुजवला आणि वर झकास बुरूज बांधून दिला. "हं, असा असतो किल्ला." तिने मान डोलावली. मी खुशीत घरी गेलो.

बाई परतल्या तेव्हा मुक्ता हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. मला सगळं सांगावं लागलं. बाई रागावल्या नाहीत. "सर, ती घडी माझी होती. तुम्ही ती तिका कित्याक दिल्यात?" एवढंच म्हणाल्या. ही पोर पुन्हा माउसला हात लावेल की नाही, अशी मला भीती वाटली.

बाईंनी त्या दिवसाचा प्रश्न विचारला. "वेढा पडलाय. दरवाजे बंद. किल्ल्यावर आधी काय संपेल?"

"दारूगोळा!" "भाकऱ्या!" पोरं ओरडली.

ओरडा ओसरल्यावर मुक्ताचा आवाज आला. "पाणी."

"मगे?" बाई म्हणाल्या आणि घडी घालून बसल्या.

मुक्ता हलेना. माझे हात शिवशिवत होते. अखेर तिने माझा बुरूज पाडला आणि थोडं बाजूला खणायला घेतलं. पुढच्या तासाला, पायऱ्यांमागून पायऱ्या खाली गेल्यावर, काळ्या खडकात निळं पाणी दिसलं. सगळा वर्ग तिच्यामागे गोळा झाला. नऊ किल्ले तहानलेले, आणि या मुलीने डोंगराच्या पोटातून पाणी काढलं होतं.

"बाई, तुम्हाला ठाऊक होतं इथे पाणी आहे?" मी विचारलं.

"सगळो डोंगर आधीच फिरान इलंय मी."

ठाऊक असून इतके तास गप्प!

मुक्ताची मी माफी मागितली. "असू दे सर," ती म्हणाली, "तुम्ही बुजवलंत तिथे नव्हतंच पाणी."

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. कॉम्प्युटर रूम आता माझ्याकडे आहे. मुक्ताचा किल्ला मी पुसलेला नाही. परवा त्यात फिरताना सातवीतली एक मुलगी थांबली. "सर, इकडे खाली काय आहे?"

उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. मी हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं. ती एकेक पायरी उतरत गेली.

"सर, पाणी!"

बाईंना दाखवायला मी मागे वळलो. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी दप्तर ठेवलं होतं.