मास्तरांनी कापलेलं सुंबरान

मास्तरांचं नवं गाणं पहिल्यांदा माणसं ऐकत नसत, ट्रॅक्टर ऐकायचा. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे त्यांची रेकॉर्डिंगची खोली होती. गाणं तयार झालं की ते पेन ड्राइव्ह घेऊन रस्त्यावर यायचे, उसाचा एखादा ट्रॅक्टर थांबवायचे आणि इंजिन चालू ठेवूनच गाणं लावायला सांगायचे. शब्द इंजिनाच्या वर ऐकू आले तर गाणं पास. नाही आले तर मास्तर परत खोलीत.

तमाशाच्या फडात ढोलकीवर सुरुवात केलेला हा माणूस पुढे ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवू लागला, मग स्वतः चाली लावू लागला. सकाळी अभंग, दुपारी बियाण्याच्या कंपनीची रिक्षावरची जाहिरात, संध्याकाळी वरातीचं गाणं. सीमेवरच्या गावांसाठी कानडी गाणीसुद्धा. कोणी नावं ठेवली तर म्हणायचे, "गाणं कुठल्या घरचं ते मी इचारत न्हाई. चालतंय का, एवढंच बघतो."

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते आमची गाणी बसवायला आले, तेव्हा मी भीत भीत त्यांना सांगितलं की माझे वडील, दादा, ओव्या म्हणतात. आम्ही जत तालुक्यातले धनगर. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं. मास्तर म्हणाले, घेऊन ये त्यांना. दादांना मी घेऊन गेले. मीच.

ओव्यांच्या आधी सुंबरान मांडतात, म्हणजे देवाला नाव घेऊन बोलावतात. एकदा मांडलं की ओवी पुरी केल्याशिवाय उठायचं नाही. दादांनी माइकपुढे डोळे मिटून पाऊण तास म्हटलं. मास्तरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला फार बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी गावात एक वरात आली. ट्रॅक्टरवर दादांचा आवाज होता. सुंबरानाची पहिली ओळ कापून तिच्याखाली डीजेचा ठेका घातला होता. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि पुढे पिऊन नाचणारी पोरं. दादा घरी आले, ढोल खुंटीला अडकवला आणि त्यानंतर ओव्या म्हणायला देवळासमोर उभे राहिले नाहीत. त्यांच्या गजाच्या, म्हणजे ढोलावर नाचणाऱ्यांच्या, मंडळातला एकजण म्हणाला, "लेकीला शिकाय पाठवलीस, तिनं द्येव इकला." दादांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. त्यापेक्षा त्यांनी मारलं असतं तर बरं.

मी मास्तरांच्या खोलीवर गेले. ते खुशीत होते. आवाज लोणंदपर्यंत पोचला, म्हणाले, दादांना सांग. मी कसंबसं सांगितलं की दादांनी गाणं सोडलंय. मास्तरांचा हात की-बोर्डवरून खाली आला. त्यांनी ते गाणं आपल्या चॅनेलवरून काढलं, चार-पाच डीजेवाल्यांना फोन केले. डीजेवाले हसले. गाणं तोपर्यंत प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हमध्ये होतं. "वरातवाल्यानं ठेका मागितला हुता एका दिवसात," मास्तर हळू म्हणाले. "आवाज हातात हुता, बसवला." मग उठून चप्पल घातली. "चल तुझ्या गावाला."

एसटीत मी तीन वेळा म्हटलं, नको जाऊया. मंडळातली माणसं रागीट होती आणि मास्तरांना साखरेचा त्रास. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

बिरोबाच्या देवळापुढे दादा आणि मंडळातले दहाबारा जण बसले होते. कोणी 'या' म्हटलं नाही. मास्तर उभ्यानंच म्हणाले, "चूक झाली. मला वाटलं, आवाज हाय, कुठंबी बसतोय."

दादा म्हणाले, "त्यो आवाज न्हवं, हाक हाय. द्येवाला हाक मारायची, त्यो वळून बघणार, आन म्होरं काय बोलायचंच न्हाई? परत हाक?"

मागून कोणीतरी म्हणालं, आत्ताबी ह्याच्या खिशातलं मशीन चालू आसंल. मास्तरांनी फोन काढला, बंद केला आणि सर्वांसमोर पायरीवर ठेवला. मग ते खाली मातीत बसले.

दादा उठले तेव्हा मला वाटलं, ते घरी निघाले. पण त्यांनी शेजारच्याचा ढोल ओढून घेतला आणि सुंबरान मांडलं. सुरुवातीला मास्तरांचं बोट सवयीनं गुडघ्यावर मात्रा मोजत होतं. नंतर ते थांबलं. ओवी पुरी होईतो ऊन देवळाच्या मागे गेलं होतं.

निघताना मास्तरांनी विचारलं, "आवं, राग गेला का?"

"न्हाई," दादा म्हणाले. "जेवून जावा."

मास्तर आमच्या ओसरीवर जेवले. दादांनी न विचारता दुसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

पुढे दादा जत्रेत पुन्हा उभे राहू लागले. मास्तर मला सांगलीत भेटले की दर वेळी विचारायचे, दादा काय म्हणतात? मी म्हणायचे, बरे आहेत. त्यापलीकडे सांगायला माझ्याकडे काही नसायचं.

या थंडीत मास्तर गेले. मी दादांना फोन केला. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता.

मग दादा म्हणाले, "राग कवाच गेला हुता गं. सांगायचं ऱ्हायलं."